माइक फिरवणारा

महिन्याचा तिसरा शनिवार, संध्याकाळी साडेपाच,
कलिना, तळमजल्यावरचं सभागृह.
दारातल्या फळ्यावर खडूने मीच लिहितो:
भौतिक विज्ञानं, सर्वांसाठी, प्रवेश मोफत.
मोफतचा फ दरवेळी जरा मोठा येतो.

मी वक्ता नाही. श्रोताही नाही म्हणा,
मला खुर्ची नाही.
भिंतीला टेकून उभा असतो, हातात माइक,
हात वर होईल तिकडे जातो.

अकरा वर्षांत काय काय ऐकलं:
कृष्णविवरं, काच कशी थिजते, भरती दिवसाला दोनदा का,
पाण्याच्या थेंबात मुंगी का अडकते.
निम्मं डोक्यावरून गेलं.
डोक्यावरून इथे विमानंही जातात,
उतरणीला लागलेली, चाकं खाली सोडलेली,
आणि वक्ते वाक्याच्या मध्यात अडतात, वैतागतात.
इरावती टिल्लू मात्र बोट वर करून म्हणाल्या, ऐका.
येताना चढा, जाताना उतरता.
आज हा विषय नव्हता,
पण आयता दारात आलाय, तर घ्या.

प्रश्नोत्तरं सुरू झाली की माझं काम.
“एक साधा प्रश्न आहे” म्हणणाऱ्याच्या हाती
मी माइक पूर्ण सोडत नाही,
खालच्या टोकाला दोन बोटं राहू देतो.
टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले पेणकर,
त्यांचा साधा प्रश्न नऊ मिनिटांचा
आणि शेवटी प्रश्नचिन्ह नाही.

खरा प्रश्न असलेला माणूस हात अर्धाच उचलतो,
मग केस सारखे करतो,
जणू त्यासाठीच उचलला होता.
मला कळतं. मी जातो.

मिरांडाबाय, मागच्याच कोळीवरीतल्या:
“बावीचं पानी थंडीत कोमट आन् गरमीत गार, कसं काय?”
पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं.
वक्ते हसले नाहीत.
पाणी जवळजवळ तसंच असतं, बाई,
बदलतो तो आपला हात.
बाय बराच वेळ तळवा उलटसुलट करून बघत बसली.
“बाव बुजवली,” म्हणाली,
पण तोवर माइक माझ्याकडे आला होता,
मी बटण दाबलं होतं,
म्हणून ते फक्त मला ऐकू आलं.

आणि पाइप रोडचा अफान, आठवीतला, शिकवणी बुडवून:
प्रकाश एवढ्या लांबून येतो,
तर वाटेत दमत नाही का?
टिल्लूबाईंनी चष्मा काढला.
हे शंभरेक वर्षांपूर्वी मोठमोठ्यांनी विचारलंय, म्हणाल्या,
अगदी गंभीरपणे.
मग सांगितलं: नाही दमत.
का नाही, ते फळ्यावर, एकदा चुकून, पुसून पुन्हा.
मुलगा खाली बसायचं विसरला.

माइक परत हातात आला की समजतं.
पेणकरांनंतर तापलेला. अफाननंतर गारढोण,
भ्यालेल्या तळव्यांत ऊब नसते.
उष्णता गरमाकडून गाराकडे जाते,
हे मी तिसऱ्या वर्षी ऐकलं.
तेव्हापासून पुढच्या माणसापर्यंतची दहा पावलं
मूठ जरा घट्ट धरून चालतो.

मला विचारायचं नव्हतं असं नाही.
पण माइकवाल्याकडे माइक कोण नेणार?

साडेसातला पंखे बंद, दिवे बंद.
नियम आहे: दर व्याख्यानाला नवे सेल.
जुने आत राहिले तर पाझरतात, आतलं तांबं खातात.
रजिस्टरात मी लिहितो, “संपले.”
संपलेले नसतात.
दोन खिशात टाकतो, वाकोल्यापर्यंत चालत जातो,
एक शेजारच्या पोराच्या गाडीला,
एक आमच्या भिंतीवरच्या घड्याळाला.

लोकांनी विचारून उरलेल्या विजेवर
आमच्याकडे साडेआठ वाजतात,
बायकोच्या गोळीची वेळ होते,
कुकर उतरतो.
दोन मिनिटं मागे चालतं.
मी पुढे करत नाही.